शेक उतरवणारा

जिन्यापासून रस्त्यापर्यंत रांग होती. शेकबाबा आजाऱ्याच्या पोटावर हात फिरवत, मग तो परातीतल्या पाण्यात धूत, आणि पाणी लालभडक होई. बघणाऱ्यांचे हात आपोआप जोडले जात. माझ्या ताईचेही जोडले गेले.

सगळा घोळ एका शब्दाचा. लिव्हरच्या गाठीवर किरणं देतात, त्याला इस्पितळात सगळेच 'शेक' म्हणतात. शेक म्हटला की आच आली, आणि आच आली म्हणजे ती पोटात उरलीही असणार. ताईला शेक दिल्यावर तीन महिन्यांनी तिचं पोट पाण्यानं फुगलं, तेव्हा घरात सगळ्यांना पटलं की शेक मुरला.

"लिव्हर म्हणजे तवा," शेकबाबा समजावत. "गॅस बंद केला तरी तापलेलाच."

तीन महिने तापलेला राहणारा तवा मिळत असेल तर मीही एक घेईन. पण डॉक्टरांच्या गोळ्यांनी आच आत दबते, असं सांगून बाबांनी त्या बंद करवल्या होत्या. मला रजा मिळून मी सोबत गेले, तोवर वीस दिवस झाले होते.

मी रंगाच्या कारखान्यात कापड रंगवते. हळदीला चुन्याची निवळी लागली की ती लाल होते, हे माझ्या नखांना पाठ आहे. बाबांचे तळहात पिवळसर दिसले. दुसऱ्या दिवशी मी हाताला हळद चोळूनच गेले आणि तो त्यांच्या नुकत्याच भरलेल्या परातीत बुडवला. पाणी लाल.

"माझं लिव्हर ठणठणीत आहे, बाबा. हा कुणाचा शेक?"

"अहंकाराचा," बाबा म्हणाले. अर्धी रांग हसली आणि तिथेच उभी राहिली.

मी ताईला परत इस्पितळात नेलं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की आच वगैरे काही उरत नाही. किरणांनी लिव्हरमधल्या बारीक शिरांचं अस्तर दुखावतं, शिरा तुंबतात, रक्त अडतं. दुखावलेल्या पेशी शेजारणींना धोक्याचे निरोप धाडत राहतात आणि जागोजाग वण धरतो. तो पुसणारं औषध अजून नाही. गोळ्यांनी पाणी आवरतं, तेवढ्या सवडीत काहींचं लिव्हर सावरतं. ताईचं सावरेलसं दिसत नव्हतं. वीस दिवस आधी आलो असतो तर, असं मी विचारलं. सांगता येत नाही, म्हणाल्या.

"त्याला उघडं पाडलंस, बरं केलंस," ताई म्हणाली. "आता मी कुणाकडे जाऊ?"

मी तिला गोळी दिली. दुसरं काही माझ्याकडे नव्हतं.

तुम्ही कुणाला घेऊन अशा रांगेत उभे असाल, तर पोटाला लावण्याआधी बाबांना आपला हात परातीत बुडवायला सांगा. आणि पहिल्याच दिवशी सांगा. मी एकविसाव्या दिवशी सांगितलं.