एकमताचा ठराव

ख्वाजा शिंप्याच्या दुकानात बसून, त्याच्याच घरचा चहा ढोसून, त्यालाच गटातून काढायला निघाले होते हे लोक! लाज म्हणून काही असते की नाही?

गट केवढा, तर पाच माणसांचा. कम्युनिस्ट पक्षाशी भांडून एकोणसत्तर साली बाहेर पडलेला. कोल्हापुरातल्या फाउंड्री कामगारांचं राज्य आणणं हे त्याचं ध्येय. भिंती रंगवल्या ख्वाजानं, संपात लाठ्या खाल्ल्या ख्वाजानं. ह्या गटापायी सख्ख्या भावानं बोलणं टाकलं, तरी गडी हटला नाही. आणि आज गटाचा इतिहास नि उद्दिष्टं वाचून झाल्यावर प्राध्यापक त्र्यंबकरावांनी शेवटी ठराव मांडला, "कॉम्रेड ख्वाजा शिलाई मशीनचे मालक आहेत. पत्नीकडून बिनपगारी काजं-बटणं करून घेतात. हे शोषण आहे. सबब त्यांना गटातून कमी करावे."

ख्वाजाचं डोकं सणकलं. "अवो, मशीन बंद पडली तर सांजची चूल पेटत न्हाय माझी. आन् मी भांडवलदार व्हय?"

पडदा सारून त्याची बायको मलिका बाहेर आली. "शोषण माझं झालंय न्हवं? मग मला इचारलं का कुणी?"

"वहिनी, हा तत्त्वाचा प्रश्न आहे," वकील नृसिंह म्हणाले.

"मग चहा बी तत्त्वाचाच प्यायचा हुता की!"

चार हात वर गेले. गटाची रीत अशी, की बहुमत झालं म्हणजे विरोधातल्यानंही हात वर करायचा. ठराव एकमतानंच व्हायला हवा. चौघं ख्वाजाकडं बघत राहिले. कात्री फेकून मारावी असं त्याला वाटलं. पण ती रीत त्यानं कधी मोडली नव्हती. त्यानं हात वर केला.

"एकमताने मंजूर," त्र्यंबकराव म्हणाले. "आता उद्याची फाउंड्रीच्या दारातली गेटसभा. भाषण नेहमीप्रमाणे कॉम्रेड ख्वाजा–"

"उठा!"

"कॉम्रेड, शिस्त पाळा."

"शिस्त गटातल्या माणसाला. मला काढलंसा न्हवं? उठा, चपला घाला!"

ते गेले. ख्वाजानं दाराच्या फळ्या धडाधड लावल्या.

"ब्याद गेली," मलिका म्हणाली.

"गप!" तो तिच्यावरच खेकसला. डोळ्यांतलं पाणी त्यानं बाहीनं पुसलं. "उद्या गेटावर माणसं इचारतील, तू कुणाचा? काय सांगू गं त्यास्नी?"