मामा आज रजेवर आहेत

मी बोलतोय. टीव्हीवरचे कार्यक्रम प्रक्षेपित करणाऱ्या एका कंपनीच्या स्वागतकक्षातला काउंटर. खरं तर आता ‘स्वागतकक्षातला होतो’ असं म्हणायला हवं, पण सवय जात नाही. मला जीभ नाही हे कबूल. पण आयुष्यभर बोलणाऱ्यांच्या मधोमध उभं राहिलं की थोडंफार बोलणं अंगी लागतंच.

ज्या सुताराने मला घडवलं, त्याने माझी पुढची बाजू तासून, घासून, पॉलिश करून आरशासारखी केली. मागच्या बाजूला मात्र नुसता रंधा मारून सोडून दिलं. “मागून कोण बघतंय?” असं तो म्हणाला होता. त्याचं काही चुकलं नाही. पाहुणे पुढूनच बघतात. पण माझा सगळा संसार होता तो मागच्या बाजूला. खणांत सेफ्टी पिना, डोकेदुखीच्या गोळ्या, ताईंचा कंगवा, खडीसाखरेची डबी, लोकांनी विसरलेले चष्मे आणि लहान बाळाचा एक बूट. तो बूट न्यायला कुणी आलं नाही आणि तो फेकायला कुणाचा हात धजावला नाही.

त्या संसारातली माणसं तिघं.

ताई म्हणजे स्वागतकक्षाच्या प्रमुख. फोन त्यांचा, पास त्यांचे, प्रेक्षकांना सूचना देण्याचा माइकही त्यांचाच. समोरचा माणूस कितीही तावातावाने आलेला असो, त्या इतक्या शांतपणे “नमस्कार, कुणाला भेटायचंय?” म्हणत, की त्याला आपला आवाज चढलाय याचीच लाज वाटे.

छोटी प्रेक्षकांना स्टुडिओत नेऊन बसवायची. उंचीने ती ताईंपेक्षा चांगली टीचभर जास्त, घरी शाळेत जाणारी मुलगी, पण नोकरीत सगळ्यांच्या मागून आली म्हणून छोटी. नाव पडलं ते पडलंच.

आणि मामा, दारावरचे. आमचं पुढचं दार जाड काचेचं, अवजड आणि महाखट्याळ. हात सोडला की असं वेगाने परत यायचं, की मागून येणाऱ्याच्या नाकाची खैर नसे. किती वेळा दुरुस्त केलं, पण ते आपला हेका सोडीना. शेवटी मामांनीच त्याची जबाबदारी घेतली. एका हाताने दार धरून ठेवायचे आणि दुसऱ्या हाताने “या, या” करायचे. मोठा कलावंत असो की पहिल्यांदाच कार्यक्रम बघायला आलेली आजी, ‘या, या’ तेच. त्यात कमी-जास्त नाही.

वरच्या मजल्यांवर बातम्या तयार व्हायच्या. आमच्या काउंटरवर मात्र त्यांच्याही आधी बातम्या यायच्या. कुणाची बढती झाली, कुणाचं कुणाशी बोलणं बंद आहे, कुठल्या निवेदकाने केस काळे केलेत. मामा दारावरून सगळं हेरायचे आणि जेवणाच्या सुट्टीत दोन्ही तळवे माझ्यावर टेकवून म्हणायचे, “ऐका, ठळक बातम्या!” छोटी ठसका लागेपर्यंत हसायची. ताई “हळू गं, पाहुणे आहेत” म्हणायच्या आणि स्वतःच पदराने तोंड झाकायच्या.

मामांचा एक नियम होता. वाईट बातमी असली तर डबा संपल्याशिवाय सांगायची नाही. “पोटात अन्न गेलं की माणूस जरा टिकाव धरतो,” असं ते म्हणत. छोटीचं स्टुडिओतल्या निवेदनासाठी नाव गेलं होतं आणि वरून नकार आला, तेव्हा मामांना तो सकाळीच कळला होता. दुपारी तिचं जेवण होईपर्यंत तोंडातून अवाक्षर काढलं नाही त्यांनी. मग सांगितलं, आणि आपल्या डब्यातला गोडाचा तुकडा तिच्यापुढे सरकवला. ती रडली, पण तुकडा खाल्ला.

तर असे आमचे मामा एका किरकोळ शस्त्रक्रियेसाठी दवाखान्यात दाखल झाले. जाताना माझ्यावर थाप मारून म्हणाले, “ताई, दाराला सांभाळा. माझ्यामागे फार उनाडक्या करील ते.”

“तुम्ही आधी स्वतःला सांभाळा,” ताई म्हणाल्या. “आणि मामींना म्हणावं, काही लागलं तर सरळ इथे फोन करा.”

तो फोन आला. त्या दिवशी संध्याकाळी विनोदी कार्यक्रमाचं थेट प्रक्षेपण होतं. दुपारपासूनच पाससाठी लोकांची रांग माझ्यापुढे लागली होती. ताईंनी एका हाताने पास देत दुसऱ्या हाताने फोन उचलला.

“नमस्कार, कुणाशी बोलायचंय?”

पलीकडचा आवाज बारीक होता, पण फोनची तार माझ्याच अंगावरून गेलेली. मी ऐकलं.

“ताई, मी मामी. अहो, हे गेले हो. शुद्धीवर आलेच नाहीत.”

ताईंचा हात माझ्या कडेवर घट्ट आवळला गेला. इतका, की त्यांची नखं माझ्या पॉलिशमध्ये रुतली. पण समोर रांग होती. त्यांनी चेहरा हलू दिला नाही.

“मामी, तुमच्याजवळ कोण आहे?... भाऊ पोचलेत ना?... बसून घ्या आधी. मी येते. आम्ही येतोय.”

फोन खाली ठेवला. पुढचा माणूस म्हणाला, “बाई, मागच्या रांगेतलं नको हं, जरा पुढचं द्या. मनमुराद हसायला आलोय आज.”

“बघते हं,” ताई म्हणाल्या. आणि खरोखर त्याला पुढच्या रांगेचा पास शोधून दिला.

रांग ओसरल्यावर त्या साहेबांकडे वर गेल्या. साहेब कार्यक्रम विभागाचे प्रमुख, माणूस वाईट नव्हता. ताई परतल्या त्या साहेबांसह. जिन्यावरून उतरताना ते म्हणत होते, “ताई, मलाही फार वाईट वाटतंय हो. पण तुम्ही दोघी आत्ता गेलात तर एवढ्या लोकांना बसवणार कोण? थेट कार्यक्रम आहे, पुढे ढकलता येत नाही.”

“मग एवढं तरी करा. शेवटी निवेदकाला एक वाक्य बोलू द्या. आपले दारावरचे मामा आज गेले, एवढंच.”

“विनोदी कार्यक्रमात? लोक हसायला आलेत, ताई. मी तरी काय करू?”

  ताई माझ्या मागे आल्या. छोटी तेवढ्यात स्टुडिओतून परतली होती; ताईंनी तिचा डबा काढून तिच्यापुढे ठेवला.

“खाऊन घे गं.”

“आत्ता? अहो, संध्याकाळी खाते की...”

“आत्ताच खा. माझ्यासमोर.”

छोटीने झाकण उघडलं. एक घास तोंडात घातला. चावता चावता ती थांबली. तिने ताईंकडे पाहिलं, आणि मग दाराकडे.

“ताई... मामांचं काही...?”

 ताईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. छोटीने तो घास कसा गिळला ते मी पाहिलं. माझ्या खडबडीत बाजूला कपाळ टेकून ती खूप रडली, हुंदक्याचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून तोंडात ओढणी कोंबून. मग उठली, तोंड धुऊन आली, आरशात बघून टिकली सारखी केली. “कशी दिसतेय मी?” तिने विचारलं.

“छान,” ताई म्हणाल्या. “चल.”

लोक येऊ लागले. छोटी कधी दार धरायला धावत होती, कधी लोकांना आत न्यायला. दार दोनदा आपटलं. नेहमी येणाऱ्या एक आजी माझ्यापाशी थबकल्या. “आज मामा नाहीत? माझा हात धरून पायरी चढवतात ते.”

ताई उठल्या. “मामा आज रजेवर आहेत, आजी. या, मी येते पायरीपर्यंत.”

मग आत कार्यक्रम सुरू झाला. भिंतीपलीकडून हसण्याच्या लाटांवर लाटा येत होत्या. अलीकडे त्या दोघी माझ्यामागे शेजारी शेजारी बसल्या होत्या. छोटी मध्येच म्हणाली, “ताई, या विनोदाला ते हसले असते.” ताई म्हणाल्या, “ते सगळ्यालाच हसायचे गं.” 

कार्यक्रम संपला. लोक हसत, एकमेकांना विनोद पुन्हा सांगत बाहेर यायला लागले. ताईंनी माइक घेतला आणि रोजच्यासारखं सांगितलं, “रसिकहो, कृपया सावकाश उतरा. आपलं सामान तपासून घ्या.” एरवी इथे त्या बटण बंद करत. त्या दिवशी बोट बटणावर गेलं आणि तिथेच थांबलं.

“आणखी एक सांगायचंय,” त्या म्हणाल्या. “आमचे मामा रोज तुमच्यासाठी हे दार धरून उभे राहायचे. तुमच्यातल्या कित्येकांना त्यांनी ‘या, या’ म्हटलंय. आज दुपारी ते वारले. मघाशी मी काहीजणांना ते रजेवर आहेत असं सांगितलं, ते खोटं होतं. माफ करा. आम्हाला ते फार जवळचे होते. एवढंच.”

 सगळ्यांत पुढचा माणूस, तोच, मनमुराद हसायला आलेला, दार ढकलून बाहेर पडला होता. तो वळला. परत येत असलेलं दार त्याने हाताने अडवलं आणि मागच्या बाईंसाठी धरून उभा राहिला. त्या बाहेर पडल्या आणि त्यांनी ते त्यांच्या मागच्यासाठी धरलं. मग त्याने आपल्या मागच्यासाठी, मग त्याच्या मागच्याने. एवढी गर्दी गेली, पण कुणी घाई केली नाही आणि ते द्वाड दार एकदाही आपटलं नाही. त्या आजी माझ्यापाशी आल्या, ताईंच्या हातावर हात ठेवला आणि गेल्या.

साहेब जिन्यात उभे होते. मला वाटलं, आता रागावणार. ते खाली आले आणि म्हणाले, “माझी गाडी घेऊन जा. ड्रायव्हरला सांगितलंय.”

पण साहेबांच्याही वर माणसं होती. त्यांना हे रुचलं नाही. कंपनीच्या माइकवरून घरगुती गोष्टी सांगितल्या, असं ठरलं. साहेब ताईंसाठी भांडले म्हणे, पण काही उपयोग झाला नाही. ताईंची बदली वरच्या मजल्यावर पत्रव्यवहार विभागात झाली. तिथे ना फोन, ना माणसं. अधूनमधून त्या डबा घेऊन खाली यायच्या. दारावर नवा माणूस आला. भला होता बिचारा, पण ठळक बातम्या काही त्याला जमल्या नाहीत.

निवृत्तीच्या दिवशी ताई खाली आल्या, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच माझ्या पुढच्या बाजूला उभ्या राहिल्या. पाहुण्यांसारखं कोपर टेकवलं.

छोटी माझ्यामागे होती. डोळे भरलेले, तरी हसून म्हणाली, “नमस्कार, कुणाला भेटायचंय?”

“कुणालाच नाही गं,” ताई म्हणाल्या. “सगळ्यांना भेटून झालं.”

पुढे सरकती काचेची फाटकं आली. कार्ड टेकवलं की उघडतात, कुणी “या” म्हणायची गरज नाही. छोटी दुसऱ्या कुठल्याशा कंपनीत लागली. मला दारातून बाहेर काढता येईना म्हणून मधोमध कापलं आणि मालिकांचं सामान ठेवतात त्या गोदामात आणून टाकलं. तेव्हापासून मी नट आहे. एकदा बँक झालो, एकदा पोलीस ठाणं. पोलीस ठाणं झालो तेव्हा एका हवालदाराने माझ्यावर इतक्या जोरात मूठ आपटली, की दिग्दर्शक खूश झाला आणि माझी फळी निसटली.

उद्या मला पांढरा रंग देणार आहेत. मी दवाखान्यातला काउंटर होणार. माझ्यापाशी उभ्या असलेल्या बाईला फोनवर कुणीतरी गेल्याची बातमी कळते, असा प्रसंग आहे. आज तालीम झाली. नटी हातातला फोन टाकते, किंचाळते, माझ्यावर डोकं आपटून घेते. चांगलं करते ती. बघणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी येईल.

मला बोलता आलं असतं तर तिला सांगितलं असतं, बाई गं, फोन हळूच खाली ठेव. समोर रांग आहे. पुढच्या माणसाला त्याचा पास दे.

रंगाचा पहिला हात सकाळीच बसेल. माझ्या कडेवरच्या त्या नखांच्या खुणा त्याखाली बुजतील. रंगाऱ्याला त्याचं काय. बरं, येतो.