डाव्या दरवाजाचा पोचा

माझ्या वडिलांनी माझं भलं करायचं मनावर घेतलं की मी आधी खुर्ची ओढून बसून घेते. उभ्याने ते सोसत नाही. शाळेत असताना त्यांनी माझी सायकल इतकी घट्ट केली होती की चाकंच फिरेनात. माझ्या पहिल्या दवाखान्याचं दार कुरकुरतं म्हणून त्यांनी ते तासून दिलं, तर ते बंदच होईना. वर्षभर मी एक पाय दाराला लावून पेशंट तपासले. पण हे सगळं पत्र्याबाहेरचं. पत्र्याला हात लावला की माझ्या बापासारखा माणूस नाही, हे मी भांडतानासुद्धा कबूल करते.

बाबा चाळीस वर्षं भांड्यांच्या कारखान्यात होते. हॉस्पिटलं आणि वसतिगृहं यांच्या स्वयंपाकघरांतली मोठमोठी पातेली आपटून, पोचे येऊन परत यायची, ती सरळ करणं हे त्यांचं काम. कारखान्यात त्यांना ‘डॉक्टर’ म्हणायचे. मी फिजिओथेरपिस्ट, घरोघर जाऊन पेशंटकडून व्यायाम करून घेते. लोक मलाही डॉक्टर म्हणतात, पण आमच्या घरात ती पदवी एकालाच आहे. त्यांनी काम अर्धवट सोडलं असं कधी कोणी म्हटलेलं नाही, आणि म्हटलं असतं तर ते दोन दिवस जेवले नसते. आई गेल्यापासून ते माझ्याकडे राहतात. हातोड्यांची पेटी त्यांच्या पलंगाखाली असते.

गुरुवारी मी त्यांना डोळे तपासायला घेऊन गेले. दवाखान्याच्या आवारात शिरताना डावीकडून एक मालाची व्हॅन मागे न बघता तिरकी मागे आली. तिच्या मागच्या बाजूचा एक कोपरा आमच्या पुढच्या दिव्यावर बसला, दुसरा बाबांच्या दरवाजावर. दिवा फुटला, बंपरचा तुकडा पडला, खालून पाणी गळायला लागलं. दरवाजा आत आला आणि बाबांच्या कोपरापासून चार बोटांवर थांबला. मी त्यांचे हात, मान, बरगड्या चाचपत बसले, तेवढ्यात व्हॅनवाला पसार. नंबर घेतला नाही, फोटो काढला नाही. डोक्यात फक्त ती चार बोटं होती.

“काही झालं नाही,” बाबा म्हणाले. “चल आत, नाहीतर नंबर जाईल.”

गाडी कशीबशी ओढून घरी आणली आणि विमा कंपनीला फोन केला. त्यांनी सांगितलं, सोमवारी सर्व्हेअर येऊन गाडी बघेल, नुकसान किती ते लिहील, त्यावर क्लेम मंजूर होईल; तोवर गाडीला हात लावायचा नाही. मी वॉचमनला बजावलं, गाडी पुसणाऱ्या बाईला बजावलं. बाबांना वेगळं काय सांगायचं? मी फोनवर बोलले तेव्हा ते घरातच तर होते. पण बाबा दुसऱ्याचं फोनवरचं बोलणं ऐकत नाहीत. त्यांना ते असभ्यपणाचं वाटतं. फोन वाजला की उठून गॅलरीत जातात. तीस वर्षं बघतेय हे, आणि नेमकं तेव्हाच विसरले.

गॅरेजवाल्याने फोनवरच खर्चाचा अंदाज सांगितला होता, माझी सहा महिन्यांची कमाई. क्लेम मिळाला नाही तर गाडी तशीच पडून राहणार होती, आणि गाडीशिवाय माझं काम म्हणजे नुसती पायपीट. माझ्याबरोबर घडीचा पलंग असतो, वजनं असतात, चालायला शिकवायचे दांडे असतात. ते बसमध्ये घेऊन चढून दाखवावं कोणीही. रविवारपर्यंत दोन घरांनी मला गोड शब्दांत काढून टाकलं होतं. “मॅडम, तुमची फार ओढाताण होते हो,” असं म्हणत.

रविवारी दुपारी चार वाजता मी दोन बस बदलून घरी आले. बाबा खाली पार्किंगमध्ये गाडीशेजारी स्टुलावर बसले होते. बाह्या दुमडलेल्या, कपाळावर घाम, आणि चेहऱ्यावर लग्नघरातल्या यजमानासारखा आनंद.

“हात फिरव,” ते म्हणाले.

मी दरवाजावर हात फिरवला. पत्रा सपाट होता. नुसता सपाट नाही, जिथे थोडासा फुगीर असतो तिथे तेवढाच फुगीर. मी डोळे मिटून पुन्हा फिरवला. काही म्हणजे काही लागेना. व्हॅनच्या मागे रबराची पट्टी होती म्हणून रंग गेला नव्हता. जे पुसटसे ओरखडे होते तेही यांनी घासून घालवले होते.

“बाबा, हे काय केलंत?”

“पोचा काढला. साडेपाच तास लागले.”

“अहो, उद्या माणसं येणार आहेत गाडी बघायला!”

“मग येऊ दे की,” बाबा म्हणाले. “आता लाज वाटण्यासारखं काही राहिलेलं नाही.”

मी खाली फरशीवरच बसले. मग त्यांना सगळं समजावून सांगितलं. सर्व्हेअर, नुकसान, क्लेम. ते मान हलवत ऐकत होते. त्यांचा चेहरा उतरत गेला, आणि मग एकदम उजळला.

“त्यात काय एवढं? परत घालून देतो. जसा होता तसाच. मला पाठ आहे तो.”

त्यांनी खरोखरच ठोकायची लाकडी मोगरी उचलली. आज हे आठवून मला हसू येतं. तेव्हा आलं नाही. तेव्हा मी अख्ख्या पार्किंगला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “ती पेटी भंगारवाल्याला देऊन टाका! तुमचे हात एकदाचे गप्प बसले की मी सुटेन!”

बाबांनी हातोड्या एकेक पुसून पेटीत ठेवल्या, पेटी उचलली आणि लिफ्ट सोडून जिन्याने वर गेले. मला जीभ चावावीशी वाटली. पण माफीच्या बाबतीत मी बापावरच गेले आहे. आम्हा दोघांनाही ती वेळेवर सुचत नाही.

सोमवारी गाडी दोरी बांधून गॅरेजमध्ये नेली. गॅरेजवाल्याला आम्ही त्याच्या माघारी ‘उद्याशेठ’ म्हणतो, कारण त्याच्याकडे कुठलीही गाडी उद्याच मिळते. बाबांना मी “घरी थांबा” म्हटलं होतं. ते दहा वाजता चालत तिथे आले आणि टायरच्या ढिगाशेजारी उभे राहिले. पेटी आणली नव्हती.

सर्व्हेअर म्हणजे एक बाई निघाल्या. चाळिशीच्या आतल्या, पायात सपाट बूट, हातात टॉर्च. पुढचा दिवा, बंपर, फुटलेला रेडिएटर, सगळं त्यांनी खाली वाकून, आडवं होऊन बघितलं. मग डाव्या दरवाजाकडे आल्या. कागद बघितला, दरवाजा बघितला, पुन्हा कागद.

“डावा दरवाजा लिहिलाय तुम्ही.”

मी खरं काय ते सांगितलं. सांगताना माझं मलाच ते खोटं वाटायला लागलं. बाईंनी दरवाजावर बोटांनी टकटक केलं, एका डोळ्याने कडेवरून नजर लावून बघितलं.

“मॅडम, तुम्ही खोटं बोलताय असं मी म्हणत नाही,” त्या म्हणाल्या. “पण मला दिसेल तेवढंच लिहिता येतं. दरवाजाला काहीच झालेलं नसेल तर व्हॅन मागे आली ही हकीकतच उभी राहत नाही. नंबर नाही, फोटो नाही, साक्षीदार नाही. दिवा काय, खांबावर आपटूनही फुटतो. मला सगळाच क्लेम शंकास्पद म्हणून पाठवावा लागेल.”

“एक दिवस द्या, उद्या काहीतरी करू,” उद्याशेठ सवयीने म्हणाला. कोणी लक्ष दिलं नाही.

बाईंनी कागदाची घडी घातली आणि जाता जाता पुन्हा दरवाजाकडे बघितलं. “अकरा वर्षं दरवाजे बघतेय. पोचा काढला असेल तर कुठेतरी हाताला लागतोच. हे काम तुम्ही म्हणता तसं खरंच झालं असेल, तर इतकं चांगलं झालंय की झालंच नाही असं वाटतं. कोणी केलं?”

“मी,” बाबा म्हणाले.

टायरच्या ढिगापासून ते पुढे आले. इतकं कौतुक त्यांना बऱ्याच वर्षांत मिळालं नव्हतं. मला वाटलं, आता पाच मिनिटं पत्र्यावर भाषण होणार. पण ते एवढंच म्हणाले, “काम अपुरं आहे, बाई.”

“बाबा?”

“जरा पेचकस द्या कोणीतरी.”

उद्याशेठने दिला. आश्चर्य म्हणजे लगेच दिला. बाबांनी दरवाजाच्या आतल्या बाजूचं आवरण सोडवलं, खाली ठेवलं आणि बाजूला झाले. आत पत्र्याच्या मागे एक जाड आडवा दांडा असतो. बाहेरून धक्का बसला तर तो आतल्या माणसाला वाचवतो. तो दांडा मधोमध बाबांच्या सीटकडे वाकलेला होता. त्याच्या मागे, पत्र्याच्या आतल्या अंगाला, मोगरीच्या ठोक्यांच्या ताज्या खुणा होत्या. शेकडो असतील.

“हा पोलादी आहे,” बाबा म्हणाले. “मी दोन तास प्रयत्न केला. माझ्याच्याने सरळ झाला नाही. म्हणून त्याच्यावर झाकण लावलं आणि वरून देखणं करून ठेवलं.”

“मुलीला सांगितलंत?” बाईंनी विचारलं.

“नाही. लाज वाटली.”

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. गॅरेजमध्ये चार परकी माणसं उभी होती, आणि माझा बाप त्यांना आपलं फसलेलं काम बोटाने दाखवत होता. मला पळत जाऊन ते झाकण परत बसवावंसं वाटलं. क्लेम गेला खड्ड्यात, असं अगदी मनापासून वाटलं.

बाईंनी टॉर्च लावली, दांड्याचे फोटो काढले, मापं घेतली. मग दिव्यापासून दरवाजापर्यंतचं अंतर टेपने मोजलं आणि स्वतःशीच मान हलवली. “व्हॅनच्या रुंदीशी जुळतंय,” त्या म्हणाल्या. “काका, तुम्हाला हे लिहून द्यावं लागेल. काय केलं, काय राहिलं, आणि पाहणीच्या आधीच का केलं.”

बाबा उद्याशेठच्या टेबलाशी बसले. त्यांना लिहायला वेळ लागतो. लिहून झाल्यावर त्यांनी कागद बाईंना न देता आधी मला दिला. माझ्या ऱ्हस्व-दीर्घावर त्यांचा फार भरवसा.

“डाव्या दरवाजाचा पोचा मी काढला. आतला दांडा मला जमला नाही. काम अपुरं आहे, दरवाजा बदलावा,” असं लिहिलं होतं. आणि खाली, का केलं त्यापुढे: “मुलगी रोज सकाळी खाली आली की त्या जागेकडे बघते आणि तिचा चेहरा पडतो. त्या जागी मी बसलो होतो. तिला ते दिसू नये म्हणून केलं. गाडीला हात लावायचा नाही हे मला माहीत नव्हतं, चूक माझी.”

शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. मी कागद बाईंच्या हातात दिला आणि गॅरेजच्या मागे, जिथे जुन्या बॅटऱ्या आणि डबे पडलेले असतात, तिथे जाऊन पोटभर रडून घेतलं.

क्लेम मंजूर झाला. सगळा. उद्याशेठने आठ वेळा उद्याचा वायदा केला आणि नवव्या दिवशी गाडी दिली. नवा दिवा, नवा बंपर, नवा दरवाजा. जुना दरवाजा कंपनीची माणसं भंगारात घेऊन गेली तेव्हा बाबा तिथे होते. उचलणाऱ्याला ते म्हणाले, “जपून, घासू नका,” आणि मग, काय बोललो ते लक्षात येऊन, बाजूला झाले.

त्या गुरुवारी शेवटी राहूनच गेलेली डोळ्यांची तपासणी उरकायला आम्ही दोघंच निघालो. बाबा त्यांच्या नेहमीच्या जागी. रस्ताभर मी माफीची वाक्यं मनात जुळवत होते. जुळली की तोंडाशी येऊन अडकायची. सिग्नलला गाडी थांबली.

“एक विचारू?” बाबा समोर बघत म्हणाले. “तो पोचा... नीट निघाला होता ना? मला बरं वाटावं म्हणून सांगू नको.”

“बाबा, त्या बाईंचा धंदाच पोचे शोधायचा. त्यांना नाही सापडला.”

“हं.” ते बराच वेळ खूश राहिले. मग म्हणाले, “मग तू एवढी ओरडलीस कशाला?”

“घाबरले होते.”

“कोणाला? क्लेमला?”

“नाही. गुरुवारपासूनच घाबरले होते.”

“वेडी आहेस,” बाबा म्हणाले. “घाबरायचं कशाला? मी होतो ना शेजारी.”

“तेच तर,” मी म्हणाले, आणि मागचे हॉर्न वाजवायला लागले तरी मला गाडी पुढे घेता येईना.