मी पेन, पण लिहिण्याचा नव्हे

मित्रांनो, मी एक जुना शब्द आहे आणि आता पुरता दमलो आहे. माझे नाव पेन. नाव ऐकताच तुमचा हात खिशाकडे गेला असेल. राहू द्या. तो मी नव्हे.

मी गोंडी भाषेतला. गोंडीत पेन म्हणजे देव. गोंदिया जिल्ह्यातल्या देवरी तालुक्यात, चिचगडच्या आसपासच्या जंगलात माझी ठाणी आहेत. ठाणे म्हणजे काय, तर साजाच्या झाडाखाली मांडलेले चार दगड. छप्पर नाही, घंटा नाही. घरातले माणूस मेले की त्याचा जीव पेनात मिळवावा लागतो. त्यासाठी कुळाचे लोक जमतात आणि भूमक, म्हणजे आमचा पुजारी, गेलेल्याचे नाव घेतो. तोवर तो जीव वाटेतच अडकून असतो, असे इथले म्हातारे मानतात.

माझा जन्म कधी झाला हे मला ठाऊक नाही. जाणकार सांगतात की दक्षिणेकडच्या भाषा आमच्या नात्यातल्या आहेत. तमिळमध्ये माझा एक चुलत भाऊ आहे, पेय नावाचा. त्याचा अर्थ भूत. एकाच रक्ताचे आम्ही. मला नैवेद्य मिळतो आणि त्याच्या नावाने लेकरांना भिववतात.

पण मला दमवले ते परक्या दोघांनी. दोघेही इंग्रजीतून आले. एक शाईवाला. त्याच्या पूर्वजाचा अर्थ पीस, कारण पूर्वी पिसाने लिहीत. दुसरा दवाखान्यातला, वेदनेचा. त्याचा पूर्वज म्हणजे दंड, शिक्षा. त्यांच्या मूळ गावी त्या दोघांचे उच्चार वेगळे आहेत म्हणतात. इथे आल्यावर मात्र आम्ही तिघेही त्याच दोन अक्षरांत कोंबले गेलो. आमचे रक्त एक नाही, गाव एक नाही. नाव तेवढे एक.

माझे चांगले दिवस मी अनुसयाबाईंच्या तोंडात काढले. चिचगडजवळच्या एका टोल्यावर, म्हणजे लहानशा पाड्यावर, त्यांचे घर होते. मोहफुले वेचायला निघताना त्या माझे नाव घेत, धानाची पहिली मूठ पेरताना घेत, लेकराला ताप आला की घेत. बिसराम आणि खुशाल हे त्यांचे दोन मुलगे. दोघेही मला आईच्या दुधाबरोबरच शिकले.

मग बिसराम आश्रमशाळेत गेला. गुरुजींनी फळ्यावर काही लिहिले आणि म्हणाले, “सगळ्यांनी वह्या काढा. बिसराम, तुझा पेन कुठे आहे?”

बिसरामने खिडकीबाहेर बोट दाखवले. “जंगलात आहे. साजाखाली.”

सगळा वर्ग खदखदून हसला. गुरुजीही हसले. ते मनाचे वाईट नव्हते, पण हसले. त्या दिवसापासून पोरांनी त्याचे नाव ‘पेन्या’ ठेवले. जेवणाच्या पंगतीत, खेळाच्या मैदानात, न्हाणीघराच्या रांगेत पेन्या, पेन्या. सुट्टीत तो घरी आला तेव्हा आई गोंडीत बोलली आणि त्याने मराठीत उत्तर दिले. पुढच्या सुट्टीतही तसेच. आईने वाट पाहिली. शेवटी आईच मराठी शिकली.

मित्रांनो, मी काही रागावलो नाही. शब्दाला राग परवडत नाही. फक्त त्या घरात मी हळूहळू कमी होत गेलो. बिसराम मोठा झाला, गोंदियाच्या एका राइस मिलमध्ये मशीनवर लागला, तिथेच जवळ फुलचूरला राहू लागला. त्याची मुलगी आचल मराठी बोलायची, मैत्रिणींशी हिंदी बोलायची. मी तिच्या कानावर कधी पडलोच नाही.

धाकटा खुशाल मात्र मला सोडून गेला नाही. तो बांधकामावर हैदराबादला गेला, तिथूनही आईशी फोनवर गोंडीत बोलायचा. चार वर्षांपूर्वी तो तिथेच परांचीवरून पडून मेला. सोबतच्या लोकांनी तिकडेच सगळे आटोपले. आईला त्याचे तोंड दिसले नाही.

“खुशालले पेनात मिळवा लागते, बिसराम,” त्या म्हणायच्या.

“होय, करू. धान कापणं होऊ दे.”

धान कापून व्हायचे. मग मिलचा हंगाम लागायचा. मग उन्हाळा. बिसरामला भावाचे वाईट वाटत नव्हते असे नाही. पण त्या झाडाखाली उभे राहायचे, भूमकासमोर गोंडीत बोलायचे, हे त्याच्याने होत नव्हते. ती भाषा तोंडात आली की त्याला तो वर्ग आठवायचा.

यंदा दिवाळीनंतर अनुसयाबाई फुलचूरला लेकाकडे आल्या होत्या. एके सकाळी अंगणात पडल्या. मेंदूत रक्ताची गाठ झाली होती. दवाखान्यात दोन दिवसांनी डोळे उघडले तेव्हा उजवा हात हलत नव्हता आणि मराठी गेली होती. लेकासाठी शिकलेली ती भाषा जणू कोणी पुसून काढली. गोंडीही फारशी उरली नव्हती. उरलो मी एकटा.

“पेन,” त्या म्हणाल्या. “पेन... पेन.”

डॉक्टर हिंदी बोलणारे, भला माणूस. ते वाकून म्हणाले, “अम्मा को पेन हो रहा है. इंजेक्शन दे दो, आराम मिलेगा.”

इंजेक्शन दिले. अनुसयाबाई झोपल्या. जागे झाल्यावर पुन्हा मला बोलावू लागल्या, पुन्हा इंजेक्शन. मी त्यांच्या ओठांवर यायचो आणि दुसराच कोणी समजून मला झोपवले जायचे. आजवर पुष्कळ जण मला विसरले आहेत, हसले आहेत. पण माझ्यामुळे कोणाला गुंगी दिली जाते, हे मी पहिल्यांदाच पाहत होतो.

वॉर्डातली नर्स ओमेश्वरी हिला काही तरी खटकत होते. ती आमगावकडची, पोवारांची लेक. तिने आजींचे पोट दाबून पाहिले, डोके चाचपले, पाय वाकवले.

“दुखते त कोठे दुखते?” ती आचलला म्हणाली. “माणसाचं दुखलं का तोंड वाकडं होते. आजीचं तोंड त सारखं दाराकडे आहे.”

मग तिला वाटले, आजींना काही लिहायचे असेल. तिने आपल्या खिशातला बॉलपेन काढून त्यांच्या डाव्या हातात दिला. अनुसयाबाईंनी तो डोळ्यांजवळ धरून पाहिला आणि हळूच गादीवर ठेवून दिला. डोळ्यांतून पाणी वाहू लागले.

ओमेश्वरी बिसरामकडे वळली. “दादा, आजी घरी कोणती बोली बोलते? आमच्या घरी आम्ही पोवारी बोलतो, म्हणून विचारून राहिली.”

वॉर्डात खाटा लागून होत्या. शेजारच्या खाटेवरचे नातेवाईक ऐकत होते.

“मराठीच,” बिसराम म्हणाला.

मित्रांनो, तो मला ओळखत होता. आईच्या तोंडून पहिल्यांदा निघालो तेव्हाच त्याने मला ओळखले होते. आई कशासाठी बोलावते आहे हेही त्याला कळले होते. तो खाली फरशीकडे पाहत राहिला आणि मी त्याच्यासमोर उभा राहून थकलो.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सांगितले, “जाग ही नहीं रहीं, कुछ खा नहीं रहीं. ऐसे ही चला तो कमजोरी बढ़ेगी. नागपूर ले जाना पड़ेगा, और सच बताऊँ, सफर झेल पाएँगी या नहीं, कह नहीं सकता.”

ते गेल्यावर आचल वडिलांजवळ बसली. “बाबा, आजी कोंबड्यांशी बोलते ते काय आहे? ते मराठी नाही. मी लहान होती तेव्हापासून ऐकून राहिली. तुम्ही काऊन सांगत नाही?”

 तेवढ्यात ओमेश्वरी ट्रे घेऊन आली. अनुसयाबाई नुकत्याच जाग्या झाल्या होत्या आणि ओठ हलवत होत्या. सिरिंज भरलेली पाहून बिसराम खाटेच्या आडवा उभा राहिला.

“नका देऊ, ताई. तिले दुखत नाही.”

“मंग पेन काऊन म्हणते?”

“पेन म्हणजे देव.” त्याचा आवाज चढला, शेजारच्या खाटांवरचे लोक वळून पाहू लागले, तरी तो थांबला नाही. “आमी गोंड आहोत. आमच्या बोलीत पेन म्हणजे देव होय. माहा लहान भाऊ मेला, त्याले देवात मिळवाचं राहिलं. माह्यामुळं राहिलं. ती त्याच्यासाठी जीव धरून आहे आन मी चूप बसून राहिलो.”

ओमेश्वरीने सिरिंज ट्रेमध्ये परत ठेवली. “मी डॉक्टरसाहेबांले बोलावते. तुम्ही तिच्याशी बोला, दादा. तिच्या बोलीत बोला.”

बिसराम वाकला. किती वर्षांनी तो गोंडी बोलत होता! क्रियापदे चुकत होती, मध्येच मराठी घुसत होती. पण मला त्याने नीट उच्चारले. खुशालला पेनात मिळवू, तुला घेऊन जाऊ, एवढेच त्याने सांगितले. अनुसयाबाईंनी चांगला हात उचलून लेकाच्या तोंडावर ठेवला. मग त्याच हाताने पाणी मागितले. आचलने चमच्याने पाजले. त्यांनी गिळले. संध्याकाळी त्यांनी पातळ भात खाल्ला.

डॉक्टरांना कळले तेव्हा ते खाटेपाशी आले. “भाई, पहले बता देते,” एवढेच म्हणाले आणि गुंगीचे औषध बंद केले.

पौषात जीपमध्ये गादी टाकून अनुसयाबाईंना गावी नेले. साजाखाली ऊन आले होते. विधीसाठी नाल्यावरून घड्यात पाणी आणले. भूमकाने विचारलेल्या प्रश्नांना बिसरामने उत्तरे दिली, चुकला तिथे म्हाताऱ्यांनी दुरुस्त केले. कोणी हसले नाही. खुशालचे नाव घेतले तेव्हा खाटेवरून आईनेही ते नाव घेतले. इतक्या दिवसांत माझ्याशिवाय त्यांच्या तोंडून निघालेला तो पहिला शब्द. आचल आजीचे पाय धरून बसली होती. तिला निम्मे काही कळत नव्हते आणि तिला रडू येत होते.

मित्रांनो, मला पुन्हा चांगले दिवस आले असे मी म्हणणार नाही. अनुसयाबाई आता टोल्यावर अंथरुणातच असतात. बिसराम रविवारी जातो, दोन-चार वाक्ये बोलतो. आचल त्यातले काही उचलते. उद्या त्या गेल्या की मी त्या घरात किती दिवस टिकेन कोण जाणे. माझ्यासारखे कितीतरी शब्द अशाच एखाद्या म्हाताऱ्या तोंडात शेवटचे बसून आहेत.

मला देऊळ नको. एवढीच विनवणी आहे. तुमच्या घरातले, शेजारचे कोणी जुने माणूस न समजणारे काही बोलले, तर तुम्हाला ठाऊक असलेला अर्थ त्याच्यावर लादू नका. त्याच्याजवळ बसा आणि त्याला विचारा. आणि तुम्हाला तो अर्थ ठाऊक असेल, तर चारचौघांत मोठ्याने सांगा. तुम्ही गप्प असता तेवढ्या वेळात कोणी तरी वाट पाहत असते.