विहिणीकडचं जेवण

लोर्नाबाईंनी ओव्हनमधून भाजलेली टर्की बाहेर काढली आणि सुनेच्या कानाशी लागून म्हणाल्या, "गुपित सांगू? कातडीखाली अख्खी लोण्याची वडी चोळलीय. त्याशिवाय असा रंग येत नाही."

पनीनाच्या हातातली पळी ओट्यावर पडली.

"अगं, काय झालं?"

"काही नाही, आई."

तिनं पळी उचलली. ही टर्की आणायला सासूबाई दीड तास गाडी हाकत क्लीव्हलंडच्या ज्यू खाटकाकडे गेल्या होत्या. मांस ज्यूंना चालणारं आहे अशी त्याच्या शिक्क्याची चिठ्ठी त्यांनी फ्रिजवर डकवली होती, व्याह्यांना दिसावी म्हणून. आणि एवढं करून मांसाला लोणी! दुधाचा थेंब लागला की मांस बाद, हे त्यांना सांगायला हवं होतं पनीनानंच. चिठ्ठी पाहून तिला वाटलं होतं, चला, गंगेत घोडं न्हालं.

बाहेर टेबलाशी तिचे वडील, झेलिग, ताठ बसले होते. लेकीनं ख्रिश्चन मुलाशी लग्न केलं, ते त्यांच्या गळी कधी उतरलंच नाही. अकरा वर्षं त्यांनी या घराची पायरी चढली नव्हती. दर नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगचं बोलावणं जाई आणि तेच ठरलेलं उत्तर येई: "पिकापाण्याचे आभार आम्ही सुक्कोतच्या सणाला मानतो, अंगणात झोपडी घालून. महिना उलटला त्याला. देवाला दोनदा कशाला त्रास?" यंदा काय मनात आलं कोण जाणे, म्हातारा आला होता. आज पानावरून उठला, तर पुन्हा यायचा नाही, हे पनीनाला स्वच्छ दिसत होतं. पण गप्प बसून बापाचा धर्म आपल्या हातानं बुडवायचा, तेही तिला जमेना.

टर्की टेबलावर आली तशी ती वडिलांशेजारी वाकली.

"पपा, खाऊ नका. लोणी आहे त्यात. चूक माझी, त्यांची नाही."

ती कुजबुजली खरी, पण सगळ्यांना ऐकू गेलं. तिच्या नवऱ्याची, कर्टिसची, सुरी हवेतच थांबली. लोर्नाबाई पांढऱ्याफटक पडल्या.

"लोणी चालत नाही? अरे देवा! खरंच माहीत नव्हतं हो मला." त्यांनी झेलिगांपुढचं ताट उचलायला हात घातला.

झेलिगांनी ताटावर पंजा ठेवला.

"राहू द्या. वास मला दारातच आला होता."

पनीनाला आपल्या कानांवर विश्वास बसेना. "मग दारातूनच परत का नाही गेलात?"

"सुक्कोतला आपण झोपडीत रोज एकेका पूर्वजाला जेवायला बोलावतो ना? अब्राहाम, इसहाक, सगळे. खुर्ची मांडतो. आजवर एकानं तरी घास खाल्लाय? म्हणून कुणी बोलावणं सोडलंय, की त्यांनी येणं सोडलंय? मीही तसाच नुसता बसेन." त्यांनी पाण्याचा पेला जवळ ओढला आणि लोर्नाबाईंकडे वळून म्हणाले, "बसा, विहीणबाई. तुमचं गार होतंय."

लोर्नाबाई बसल्या. पनीना मात्र तशीच उभी राहिली. अकरा वर्षांत 'विहीणबाई' हा शब्द तिनं पपांच्या तोंडून ऐकला नव्हता.