स्पर्धेनंतरचा सोमवार

सोमवारी सकाळी लाँड्रीत पाऊल ठेवलं आणि पैलवानिणीचं डोकं तापायला लागलं. इस्त्रीच्या वाफेचा त्यात काही दोष नव्हता.

पैलवानीण हे तिचं गल्लीतलं नाव. वय सत्तेचाळीस, उंची बेताची, गुडघे कुरकुरणारे. पण तीन वर्षांपूर्वी तिने ज्यूदोचा क्लास धरला आणि गल्लीने हे नाव ठेवलं ते ठेवलंच. शनिवारी ती चाळिशीपुढच्या बायकांच्या गटात कांस्यपदक घेऊन आली होती. गटात चौघीच होत्या, हे ती आपणहून सांगून टाके, म्हणजे दुसऱ्या कुणाला सांगायची संधी नको. त्यातल्या एकीला तिने खरोखर उचलून आपटलं होतं, हे मात्र ती दोनदा सांगे.

लाँड्रीत सगळ्यांनी कौतुक केलं. मालकिणीने तर तिला मिठी मारली, आणि मिठीतून सुटल्या सुटल्या भिंतीवर पाळ्यांचा नवा तक्ता चिकटवला. 'इस्त्री' असं लिहिलेल्या ओळीत पाचही दिवस संध्याकाळची पाळी होती.

"हे काय?"

"अगं, असं काय करतेस? आठ महिने तूच म्हणत होतीस, स्पर्धा झाली की संध्याकाळचं बघते. झाली ना आता?"

"स्पर्धा झाली. क्लास झाला असं कुठे म्हटलं मी?"

"आता कशाला क्लास? पदक मिळालं की! हौस फिटली."

हौस! पैलवानिणीने इस्त्री इतक्या जोरात ठेवली की शेजारच्या टेबलावरचे शर्ट हलले. म्हणजे तीन वर्षं ही बाई आठवड्यातून तीनदा घाम गाळायला जाते, ती एका पितळी चकतीसाठी! माणूस रोज दात घासतो, त्याला कुणी विचारतं का, काल घासलेस ना, आता कशाला?

खरं सांगायचं तर यात तिची स्वतःचीही थोडी चूक होतीच. स्पर्धेला नाव दिल्यापासून 'स्पर्धा झाली की' हा तिने जपच लावला होता. नणंदेने चार दिवस राहायला बोलावलं, स्पर्धा झाली की. माळा आवरायचा, स्पर्धा झाली की. नवरा म्हणाला, संध्याकाळी जरा दुकानात बसत जा, स्पर्धा झाली की. बाई नुसती स्वतःसाठी बाहेर जाते म्हटलं की लोकांच्या भुवया वर जातात. स्पर्धेची तयारी म्हटलं की तेच लोक वाट सोडतात, हे तिच्या फार लवकर लक्षात आलं होतं. आता स्पर्धा झाली होती आणि सगळे एकदम दारात येऊन उभे होते.

"साडेपाचला मी इस्त्री बंद करणार," ती मालकिणीला म्हणाली. "आजही आणि पुढेही. एक तर तक्ता बदला, नाहीतर बाई बदला."

तिच्यासारखी कॉलर कुणाला जमत नाही हे मालकिणीला ठाऊक होतं. तिने तोंड वाकडं केलं आणि तक्ता काढला.

आजचा सोमवार चुकवून चालणारच नव्हतं. क्लासच्या मास्तरांचा नियम होता. स्पर्धेला गेलेल्याने, जिंकून येवो की हरून, पुढच्या सोमवारी साडेसहाला हजर व्हायचं, नवशिक्यांच्या रांगेत सगळ्यात शेवटी उभं राहायचं आणि पन्नास वेळा पडायचं. नुसतं पडायचं. ज्यूदोत पहिल्या दिवशी तेच शिकवतात, हनुवटी छातीला आणि हात मॅटवर धाडकन. तो सोमवार चुकला की मास्तर भिंतीवरच्या खुंटीखालचं नाव काढत आणि खुंटी वाट बघणाऱ्या पुढच्या माणसाला जाई. खुंट्या चौदा, माणसं चौदा. त्याहून जास्त त्या मॅटवर मावत नसत. "स्पर्धेत कुणी ज्यूदो सोडत नाही," मास्तर म्हणत. "सोडतात ते नंतरच्या आठवड्यात. पदकवालेही आणि रडणारेही." आणि अंगात स्वतःचा ड्रेस, कमरेला स्वतःचा बेल्ट असल्याशिवाय मॅटवर पाय ठेवायचा नाही. उसनं काही चालत नसे.

सात नंबरच्या खुंटीखाली पैलवानिणीचं नाव होतं. दारावरच्या पाटीवर ते नव्हतं, विजेच्या बिलावर नव्हतं, लाँड्रीतल्या तक्त्यावरही नव्हतं. त्या खुंटीखाली मात्र ठसठशीत अक्षरात होतं, आणि ते तिला कुणालाही द्यायचं नव्हतं.

पावणेसहाला ती घरी पोचली. रविवारी धुतलेला ड्रेस गॅलरीत दोरीवर असायला हवा होता. दोरीवर नुसते चिमटे होते.

"अहो! माझा ड्रेस कुठाय?"

नवरा सुतार. घराच्या खालीच त्याचं दुकान, आणि हात असा की त्याने बसवलेल्या दाराच्या फटीतून कागद सरकणार नाही. तो बाहेरच्या खोलीच्या दारात दोन्ही हात पाठीमागे धरून उभा होता. केसांत भुसा, चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

"आधी डोळे मीट."

"मला वेळ नाही. ड्रेस?"

"मीट तर!"

तिने मिटले. त्याने तिला खांद्याला धरून आत नेलं आणि म्हणाला, "उघड."

बाहेरच्या खोलीच्या भिंतीवर नऊ वर्षांपासून एक मोठी काचेची चौकट होती. लेक चौदा वर्षांची असताना तिला याच मास्तरांकडे शिकून ज्यूदोत पदक मिळालं होतं, तेव्हाची. आत लेकीचा छोटा ड्रेस, केशरी बेल्ट आणि पदक. आता तिच्या शेजारी दुसरी होती, तेवढीच रुंद आणि जरा उंच. चौकट सागवानी, कोपरे असे जुळवलेले की सांधा दिसत नव्हता. आत तपकिरी मखमलीवर पैलवानिणीचा ड्रेस हात पसरून पडला होता. त्यावर हिरव्या बेल्टची गाठ, तीही चुकीची मारलेली. खाली पदक.

मेलेल्या माणसाच्या वस्तू अशा लावतात, एवढंच तिच्या मनात आलं.

"पहाटेपासून राबतोय," नवरा म्हणाला. "कशी झालीय?"

"उतरवा."

"आँ?"

"उतरवा म्हणते ना! साडेसहाला क्लास आहे माझा."

"अगं, पण स्पर्धा झाली ना?"

पुन्हा तेच! आता मात्र तिचा पारा चढला. "स्पर्धा झाली, मी नाही झाले अजून! जित्याजागत्या बाईचे कपडे काचेत घालता? विचारायचं तरी होतंत! तुम्ही एक कपाट चांगलं केलंत म्हणून तुमचा रंधा कुणी भिंतीवर टांगला का? दुसऱ्या दिवशी खाली जाऊन काम केलंतच ना?"

"कौतुक केलं तर हे असं," नवरा दुखावून म्हणाला. "आणि आता लगेच निघणार नाही ते. गोंद ओला आहे."

"गोंद?"

"मागून थोडा लावलाय. नाहीतर बाह्या लोंबतात."

पैलवानीण खुर्ची ओढायला लागली. तेवढ्यात लेक दातांच्या दवाखान्यातल्या कामावरून परतली. तिने आईकडे बघितलं, बाबांकडे बघितलं, मग भिंतीकडे. चप्पल काढायचंही ती विसरली.

"बाबा," ती म्हणाली, "माझ्या वेळीही सोमवारच होता."

"तुझं काय आता मध्येच? तू तर आपणहून सोडलंस. कंटाळा आला होता तुला."

"कंटाळा आला असं कोण म्हणालं?"

"मग गेली का नाहीस?"

"काय घालून जाऊ?"

लेकीचा आवाज चढलेला नव्हता, हेच जास्त लागलं.

"शाळेतून आले तर ड्रेस भिंतीवर," ती म्हणाली. "तुम्ही दोघं इतके खूश होतात. मला वाटलं, पदक मिळालं की हे असं थांबायचं असतं."

"मला सांगायचंस की गं," पैलवानीण म्हणाली.

"तुला? तू खाली उभी राहून बाबांना सांगत होतीस, डावी बाजू जरा वर घ्या."

खुर्चीच्या पाठीवर पैलवानिणीचा हात तसाच राहिला. आठवलं तिला. डावी बाजू खरंच जरा खाली होती आणि तिला तिरकं काही खपत नसे.

नवरा खाली गेला आणि स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आला. चार स्क्रू काढले, चौकट जमिनीवर पालथी ठेवली, मागची फळी काढली. ड्रेस ओढला तेव्हा चर्रर्र आवाज झाला आणि तळहाताएवढा मखमलीचा तुकडा पाठीला चिकटून आला. तो नखाने खरवडायला लागला, तर तिने ड्रेस हिसकावून घेतला.

"गाडीवर सोडतो," तो म्हणाला.

"चला लवकर."

सहा अठ्ठावीसला ती मॅटशेजारी उभी होती. खुंटीखालचं नाव जागेवर होतं. मास्तरांनी घड्याळाकडे बघितलं, मग तिच्या पाठीकडे.

"ताई, मागे काय चिकटलंय?"

"भिंत, मास्तर."

"पडा. निघेल."

ती रांगेच्या शेवटी, दहा-अकरा वर्षांच्या पोरांपलीकडे उभी राहिली आणि पडायला लागली. पहिले दहा मालकिणीच्या नावाने. हौस फिटली म्हणे! धाड. पुढचे वीस नवऱ्याच्या नावाने, त्याच्या गोंदाच्या, मखमलीच्या आणि डोळे मीट म्हणण्याच्या नावाने. हात असा आपटत होता की शेजारचं पोरगं दचकून सरकलं. तिसाव्यानंतर नाव सापडेना. राग तर तेवढाच होता. चाळिसाव्याला तिला डावी बाजू आठवली आणि उरलेले दहा तिने स्वतःच्या नावाने घेतले. ते सगळ्यात जास्त लागले.

सव्वाआठला ती घरी आली. नवऱ्याने तिची रिकामी चौकट भिंतीला टेकवून ठेवली होती आणि तो चौकटीकडे पाठ करून बसला होता. लेक समोर. पैलवानिणीने घामट ड्रेस दोरीवर टाकला. मखमल निघाली होती, डाग राहिला होता.

मग ती लेकीच्या चौकटीसमोर येऊन उभी राहिली. स्क्रू-ड्रायव्हर तिथेच पडला होता. तिने तो उचलला, आणि थांबली.

"काढू का?" तिने लेकीला विचारलं.

लेकीने उठून स्वयंपाकघरातलं स्टूल आणलं आणि भिंतीशी ठेवलं.

नवरा मदतीला उठला. "खालून धरा," पैलवानीण म्हणाली, "आणि डावी-उजवी काही सांगू नका. मलाही नाही सांगायचं कुणाला."

नऊ वर्षांचे स्क्रू गंजले होते. चौकट खाली आली तेव्हा भिंतीवर पांढरा चौकोन उमटलेला दिसला. ड्रेसच्या बाह्या आता लेकीच्या कोपराच्याही वर राहिल्या असत्या. बेल्ट मात्र लांब होता. त्याला बापाने तेव्हा मारलेली गाठ चुकीची होती, आणि स्वतः गाठ मारायला शिकल्यापासून पैलवानीण ती तीन वर्षं रोज बघत आली होती. लेक नऊ वर्षं बघत आली होती. दोघीही एका शब्दाने बोलल्या नव्हत्या.

लेकीने बेल्ट मांडीवर घेतला आणि आधी ती गाठ सोडली.