चार पॉइंट सात जीबीचं लगीन

चांगुणाच्या तोंडाला लागू नका, असं गावात सगळेच म्हणत्यात. म्हणंनात का! कळंबला शांतलिंगाच्या कम्प्युटरच्या दुकानात त्या दिवशी म्या तोंड चालवलं नसतं, तर माझं सगळंच गेलं असतं.

आमच्या मालकांना, ज्ञानोबांना, जाऊन वरीस झालं. लेक क्षमा पुण्याला. घरात बोलायला चिटपाखरू न्हाय. मालकांचा आवाज उरला तेवढा क्षमाच्या लग्नाच्या डीव्हीडीत, आन् ती लावायचं यंत्र बिघडलेलं. म्हणलं, पेनड्राइव्हवर घ्यावं, टीव्हीला लावावं, घरात माणूस बोलल्यागत व्हईल.

शांतलिंगानं डिस्क आत सारली. तिच्यावर छापलेलं ४.७ जीबी, आन् पडद्यावर आलं ४.३७.

"बाकीचं कुठं गेलं रं?" म्या इचारलं.

"कुठं न्हाय, मावशी. कंपनी हजाराच्या हिशोबानं मोजती, कम्प्युटर एक हजार चोवीसच्या. माप मोठं, म्हणून आकडा बारका. माल तेवढाच."

हे मला पटलं. आमच्या गावची पायली आन् कळंबची पायली कधी जुळलीया? ज्वारी तीच, मापं कमीजास्त.

काम उरकल्यावर त्यानं पेनड्राइव्ह उघडून दाखवला. आकडा ३.८!

"आरं, आता तर एकाच कम्प्युटरवर मोजतुयास! कंपनीला मधी आणू नकू. माझं कुठं गेलं?"

शांतलिंग चपापला. "मावशी, आहेराचा भाग कापला. माईकवर नुसती नावंच वाचल्यात, कोण बघतंय? सगळेच कापायला सांगत्यात. काम सांगायला तुमच्या लेकीनं फोन केला, तवा तिनं बी तेच सांगितलं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "मुडद्या! नावं वाचणारा कोण व्हता, ठावं हाय का? माझा नवरा! बाकी लग्नात समदा बँडबाजा. त्येंचा आवाज हाय तो आहेरातच!"

बापाचा आवाज कुठं हाय, हे लेकीच्याच ध्यानात नसावं, ह्याचं लई वाईट वाटलं.

शांतलिंगानं डिस्क पुन्हा घातली. जुनी, चरे पडल्याली. घरघरली, बंद पडली, परत घरघरली. माझा जीव टांगणीला.

आन् एकदम मालक बोलले.

"नवरीचे मामा, एक पातेलं! सखूबाई, ताटवाटी! शेजारचे राजपाल, कळशी!..." मधीच थांबले. "आन् नवरीची आई कुठं हाय? चांगुणा, सकाळधरनं राबतीयास. जेवलीस का?"

समदा मांडव हसला. माईकवर बायकूला असं कोण इचारतं! तवा म्या लाजून पदर तोंडाला लावला, उत्तर काय दिलं न्हाय.

आता दुकानात, शांतलिंगादेखत, मोठ्यानं म्हणलं, "न्हाय ओ. एकटीला घास उतरत न्हाय."